बशीवरची मुंगी

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, चित्रकाराच्या घराच्या मागील खोलीत, थंड झालेल्या भट्टीचे दार उघडण्यात आले. आत सहा कप, सहा बश्या, किटली आणि साखरदाणी असा पांढऱ्या चिनी मातीचा संच होता. झिलईवर मिन्याच्या रंगांनी काढलेले गुलाब निर्दोष भाजले गेले होते. मात्र एका बशीवर, पाकळीपासून बोटभर अंतरावर, भट्टीतला एक काळा कण वितळून कायमचा बसला होता.

गुलाब हे चित्रकाराचे सर्वस्व होते. आयुष्यात त्याने दुसरे काही काढले नव्हते आणि काढावे असे त्याला वाटलेही नव्हते. हा संच निवृत्त न्यायाधीशांना पसंत पडला, तर ते अध्यक्ष असलेल्या क्लबाच्या दोनशे कपांवर त्याचेच गुलाब फुलणार होते.

ठिपका घासून जाईना. बायकोने वाटाणे सोलता सोलता सुचवले, "अहो, पाय काढा त्याला सहा. मुंगी होईल."

मुंगी बेमालूम उतरली. परंतु एकाच बशीवर मुंगी असणे हा दोष होय आणि सहाही बश्यांवर असणे ही शैली होय, असा युक्तिवाद चित्रकाराने स्वतःशी केला व तो जिंकला. मंगळवारी सगळ्या बश्या पुन्हा भट्टीत गेल्या.

बुधवारी बायकोने विचारले, की या मुंग्या निघाल्या तरी कुठे? कपात काही गोड असल्याखेरीज मुंगी बशीत कशाला कडमडेल? प्रश्न बिनतोड होता. मुंग्या कपाच्या कडेपर्यंत चढवाव्या लागल्या. मग कपात गोडी आली कोठून, याचा खुलासा म्हणून साखरदाणीभोवती रांग आणावी लागली. आणि एवढे झाल्यावर किटलीला वगळण्याचे समर्थनीय कारण सापडेना. शनिवारी शेवटची भाजणी झाली, तेव्हा संचावर एकशे त्रेचाळीस मुंग्या होत्या.

"तूच म्हणालीस पाय काढा," चित्रकार म्हणाला.

"एका ठिपक्याला म्हटलं होतं. पलटण उभी करायला कोणी सांगितली?"

रविवारी तो संच टोपलीत घेऊन न्यायाधीशांच्या बैठकीच्या खोलीत हजर झाला. न्यायाधीशांच्या पत्नीने साखरदाणी पाहताच रुमालाने झटकली. मुंग्या हलेनात, तेव्हा तिने ती पुन्हा झटकली आणि मग खुर्ची थोडी मागे घेतली. चित्रकाराने निसर्ग, रचना आणि कार्यकारणभाव यांवर तयार करून आणलेले भाषण सुरू केले. न्यायाधीशांनी हात वर करून ते थांबवले, भिंग काढले आणि एका रांगेचा बशीपासून कपाच्या कडेपर्यंत सावकाश पाठलाग केला. नंतर दुसऱ्या रांगेचा. मग किटलीचा. त्यात पाव तास गेला. चित्रकाराने रिकामी टोपली पायाने हळूच जवळ ओढली.

न्यायाधीशांनी भिंग खाली ठेवले.

"क्लबासाठी असेच करा," ते म्हणाले. "फक्त ते गुलाब नकोत. मुंग्यांच्या वाटेत येतात."