शेरूची खोड

शेरूनं तीन दिवस भाकरीला तोंड लावलं नव्हतं. चावायला जायचा आणि कळवळून मागं सरायचा. तोंडाला घाणही येत होती. नागपूरहून बदलून आलेल्या रमाकांत मास्तरांच्या घरात त्या कुत्र्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. घाबरून ते त्याला अमडापूरच्या बैलबाजारात घेऊन गेले. बैलांचे दात पाहण्यात पुंजाजी दलालाचा हात धरणारा कुणी नव्हता.

पुंजाजीनं जबडा उघडला. मास्तरांना शेरूची मान धरायची होती, म्हणून त्यांनी दोर शेजारी उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याच्या हातात दिला.

"दाढ सडली, मास्तर. हालून राह्यली."

नालबंदाची सांडशी आली. एक झटका, एक किंकाळी. घटकाभरानं शेरूनं दुधात कुस्करलेली भाकर चाटूनपुसून खाल्ली. मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी दोर घ्यायला हात पुढे केला, तर दोर सुटेना.

"कुत्रं माह्यं झालं आता," रंगराव शेतकरी म्हणाला. "खळ्यावर राखणीले पाह्यजेच होतं. भाव दलाल सांगन तो."

"अहो, मी विकलं कुठं?"

"मंग बाजारात दलालानं कुत्र्याचं तोंड काऊन उघडलं? अन् दोर माह्या हातात कोनं देल्ला?"

जमलेल्या माणसांनी माना डोलावल्या. दलालानं दात पाहिले आणि दोर हातात दिला, की सौदा पक्का. पुंजाजी ओशाळला, पण त्याचा सारा धंदा याच रिवाजावर उभा होता.

"एक हाये मास्तर. इकणाऱ्यानं जनावराची खोड सांगाव लागते. नाई पटली तं घेणारा दोर वापस देते. सांगा, खोड काय?"

चावतो म्हणावं, तर शेरू रंगरावाचा हात चाटत होता. आणि खोटं बोलून उद्या वर्गात कसं उभं राहायचं?

"दात," मास्तर हळूच म्हणाले. पुस्तकात वाचलेलं त्यांना आठवलं. "ते रोज घासावे लागतात, नाहीतर दुसरी दाढही जाईल. आधी पाठ थोपटायची. मग ओठ उचलायचा. बोटाला ओलं फडकं गुंडाळून हिरडीपासून पार मागच्या दाढेपर्यंत घासायचं. दोन्ही बाजूंनी."

"रोज?"

"रोज."

"पेरणीतबी?"

"पेरणीतही."

"मास्तर, मी सोताचे दात हप्त्यातून दोनदा घासतो!" रंगरावानं दोर त्यांच्या हातात कोंबला.

घरी येताना मास्तरांना चुकल्यासारखं वाटत होतं. सांगितलं ते खरंच होतं. फक्त शेरू घरी आल्यापासूनच्या चार वर्षांत त्यांनी ते एकदाही केलं नव्हतं.

सकाळी ते बोटाला फडकं गुंडाळून शेरूसमोर उकिडवे बसले, तर दारात रंगराव.

"खोड खरी का खोटी, पाह्याले आलो. खोटी निंगाली तं कुत्रं माह्यं."

मास्तरांनी घाईघाईनं ओठ उचलला. शेरूनं हिसडा देऊन मान फिरवली. पुन्हा उचलला, पुन्हा हिसडा.

रंगराव थोडा वेळ बघत राहिला. मग तोही शेजारी उकिडवा बसला.

"मास्तर," तो समजुतीनं म्हणाला, "आधी पाठ थोपटा."