खो-खोच्या गुणफलकावर लाल फुली उमटली त्याची हकीकत

श्री. विघ्ने हरणारा तो समर्थ, संगणकाची विघ्ने मात्र आमची आम्हांसच हरावी लागतात, ऐसे मनी धरून ही हकीकत लिहिली जाते. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य पंचमीस आमच्या शाळेच्या राज्यात वर्तमान ऐसे जाहले की आंतरशालेय खो-खोचे सामने आपल्या मैदानी भरणार, आणि राज्याच्या दिवाण कांबळे मॅडम यांनी फर्माविले की यंदा गुणफलक फळ्यावर नको, पडद्यावर पाहिजे, आणि तो नववी ब च्या मुलींनी करावा. मग केतकीबाई भोईटे, उत्साह दांडगा आणि बोलणे त्याहून दांडगे, यांनी तयार ठोकळे ओढून, त्यांत सूत्रे भरून ॲप उभे करण्याचा विडा उचलिला. आणि एक साचा ओतिला, नाव गुणपाटी. तिजला संघाचे नाव द्यावे, गुण द्यावे, आणि ॲपच्या पाहिजे त्या स्क्रीनवर बसवावी. साचा ऐसा देखणा की बाई स्वतःच तीनदा पाहून खूश जाहल्या. मग पाट्या बसविण्याची कामगिरी इंद्रायणीबाई खिलारे यांजकडे आली. त्या मोजके बोलणाऱ्या, परंतु बोलल्या तर टोचून. त्यांनी पहिली पाटी बसविली, गुणांत नऊ भरिले, तोच सूत्रावर लाल फुली उमटली आणि खाली अक्षरे आली की येथे मजकूर पाहिजे, अंक चालणार नाही.

केतकीबाई बोलल्या, "तुझ्या स्क्रीनवर लाल आलंय, म्हणजे घोळ तुझा. माझा साचा एकदम फिट आहे."

इंद्रायणीबाई बोलल्या, "अगं, गुण म्हणजे अंकच ना? का आता गुणांचा निबंध लिहू?"

मग नऊला अवतरणचिन्हांत कोंडून मजकूर केले, आणि फुली गेली, आणि दोघी नाचल्या. आणि मग दुसऱ्या पाटीत बारा तसेच कोंडून क्रमवारी लाविली तो नऊ गुणांचा संघ बारा गुणांच्या डोक्यावर जाऊन बसला, कारण यंत्र आता अंक मोजीना, अक्षरे लावू लागले, आणि बारातला पहिला एक पाहून नवास मोठा म्हणू लागले. मग अवतरणे काढिली, तो फुल्या दोन जाहल्या. मग सूत्र पुसून तेच पुन्हा लिहिले, ॲप बंद करून चालू केले, केतकीबाईंनी माऊस बदलिला, तो कशासाठी हे त्यांसही ठाऊक नाही, आणि गोष्ट मीठ-मोहरी ओवाळण्यापर्यंत आली. फुली हालेना. डोक्याचे पार भरीत जाहले. इतक्यात दिवाण स्वतः आल्या आणि बोलल्या, "उद्या दहाला पहिला सामना आहे. लाल कुणाच्या स्क्रीनवर आहे? इंद्रायणीच्या? मग तिच्याऐवजी दुसरी कुणी घ्या. नाहीतर फळा आहेच." हे ऐकोन इंद्रायणीबाईंचे डोळे भरले, आणि केतकीबाई, ज्यांची जीभ कधी थांबत नाही, त्या जुना माऊस परत जोडू लागल्या.

मग इंद्रायणीबाई म्हणाल्या, "जाते मी. पण आधी कोऱ्या स्क्रीनवर तूच तुझी पाटी बसव. मी हात मागे बांधून उभी राहते."

केतकीबाई तोऱ्यात बसल्या, पाटी ठेविली, नऊ भरिले, आणि लाल. मग साच्याचे पोट उघडिले. तेथे गुणांच्या खणात, रिकामी पाटी ओकीबोकी दिसू नये म्हणून, बाईंनी हौसेने नमुना घातला होता: लय भारी. आणि यंत्राची चाल ऐसी की नमुन्यात शब्द असेल तर त्या खणात जन्मभर शब्दच चालावा, आणि जो अंक आणील त्याच्या दारी जाऊन ओरडावे, नमुना घालणारीस मात्र चकार शब्द बोलू नये. तेथे शून्य लिहिले, आणि सगळ्या फुल्या एकदम गेल्या, आणि बारा नवाच्या वर बसले.

केतकीबाई हळूच बोलल्या, "मॅडमना सांगू का, आपोआप गेलं म्हणून?"

"सांग की. मला तर काढलंच आहे."

मग केतकीबाई पाय ओढीत दिवाणांपुढे गेल्या आणि बोलल्या, "मॅडम, चूक माझी होती. तिच्या स्क्रीनवर नुसती दिसत होती."

दिवाण बोलल्या, "मग इंद्रायणीच गुणफलक चालवेल. आणि तू झालं ते सगळं लिहून काढ. लय भारी लिहिता येतं ना, मग हेही येईल."

सारांश, फुली उमटते तेथेच दोष नांदतो ऐसे नाही, साचा आधी उघडावा. लिहिणारीने आपले नाव घातले नाही, ते ओळखणे अवघड नाही. इंद्रायणीबाईंनी कागद तपासून दोन जागी लाल खूण केली आहे, आणि त्या दोन्ही खुणा योग्य जागी आहेत.