नानांच्या बागेतली दारं

डोक्यावर आभाळाखेरीज काही नसताना नाना बागेत मध्येच कमरेतून वाकायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याच्या पाठीत उसण भरली. चार पावलांवर ते ताठ झाले आणि मला म्हणाले, "वाका ना भाऊ, आठे दार शे. ठेंगणं शे."

ते दार माझ्या जन्माआधीच पडलं होतं.

गोरा साहेब गेल्यावर चोपड्याबाहेरची त्याची बाग सरकारकडे आली. ती सपाट करून केळी लावायची होती. मोजणीला मला धाडलं होतं. विहीर आणि फळती झाडं ठेवायची, बाकी सगळं काढायचं, असा हुकूम. नाना तिथले जुने माळी.

साहेबाच्या बंगल्याआधी तिथं जहागीरदाराचा हौद होता, हौदाआधी भिल्लांचा देव. नानांना सगळं एकाच वेळी दिसायचं. नुसत्या गवतात ते चपला काढून हातात घेत, कारण जहागीरदाराच्या बैठकीसमोरून पायात घालून कोणी जात नसे. नसलेल्या हौदाला वळसा, नसलेल्या बंगल्याला वळसा. माझी मोजणीची साखळी मुकाट्यानं त्यांच्यामागे नागमोडी जायची.

"बठ्ठं लिखी ल्या भाऊ."

"सगळं कसं लिहू नाना, दिसतं तेवढंच नकाशात येतं."

"तुमले दिसत नही, त्यामा बागना काय दोष?"

मी चिडायचो, खोटं कशाला सांगू. पण तिसऱ्या दुपारी त्या ठेंगण्या दाराशी मीही वाकलो. ऊन रणरणत होतं, आणि कोरड्या गवतातून हौदाच्या पाण्याचा गारवा आल्यासारखा वाटला.

शेवटच्या दिवशी विहिरीजवळचा आंबा मोजायचा राहिला होता. 'हाऊ कधी मोहरना नही,' असं नानांनीच आदल्या दिवशी सांगितलेलं. तिथं येताच त्यांनी पावलं हलकी केली.

"इथं कुणाचं दार, नाना?"

"हळू बोला भाऊ," ते कुजबुजले. "पोर निजेल शे."

खालच्या फांदीवर दोरीनं घासून खाच पडली होती. नाना आणि त्यांची बायको निंदायला बसत, तेव्हा लेकीची झोळी तिथं टांगलेली असे.

"एकच उन्हाया ऱ्हायनी," नाना म्हणाले. लेकीला दुसरा उन्हाळा लाभला नव्हता. मग फांदीखालून हात फिरवून त्यांनी नसलेल्या झोळीला झोका दिला.

कड्या वाजू नयेत म्हणून मी साखळी उचलून धरली.

'बठ्ठं लिखी ल्या' म्हणणारे नाना या झाडासाठी मात्र एक शब्द बोलले नाहीत. मीच कागद गुडघ्यावर घेतला आणि लिहिलं: आंबा, फळता. ठेवणे.