दोन प्रणालींचं सन्मानपूर्वक स्थलांतर

कोणतीही वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना ती तिथे चालेल की नाही, याची चिंता मागासलेले लोक करतात. सुसंस्कृत लोक आधी विचारतात की ती कुणाच्या मानाप्रमाणे ठेवली जाणार आहे. बिश्केकच्या हिमनदी व पर्वतीय सरोवर संस्थेत या बाबतीत कधीही कुचराई झालेली नाही. म्हणूनच त्या उन्हाळ्यात संस्थेच्या एकमेव मोठ्या संगणकाचं स्थलांतर इतकं निर्दोष पार पडलं, की त्यानंतर तो संगणक सुरू झाला नाही.

या संगणकात दोन प्रणाली नांदत होत्या. पहिली विंडोज. तिच्यावर अहवाल लिहिले जात, मंत्रालयाला दाखवायची रंगीत चित्रं तयार होत आणि (फक्त जेवणाच्या सुट्टीत, जी अकराला सुरू होई) पत्ते खेळले जात. दुसरी लिनक्स. तिच्यावर बुरुल एकटी काम करी. बुरुल जल शाखेची प्रमुख होती आणि तिची शाखा म्हणजे ती स्वतः, एक खुर्ची आणि तेरेक-जार खोऱ्याच्या डोक्यावरच्या सरोवराचं गणित. बर्फाने अडवलेलं ते सरोवर उन्हाळ्यात भरतं. बांध फुटण्याची शक्यता किती टक्के, हे गणित दर सोमवारी सांगे. खालच्या कुरणावर घोडे-मेंढ्या घेऊन तंबू टाकणारी बावीस कुटुंबं त्या आकड्याच्या भरवशावर झोपत. आकडा साठच्या वर गेला की जिल्हा ट्रक पाठवी आणि सगळे खाली उतरत. साठच्या आत असला की कुणी जागचं हलत नसे. त्या बावीसांत एक कुटुंब बुरुलच्या थोरल्या भावाचं, सापारचं होतं.

जुलैत संगणकाची जुनी डिस्क कुरकुरू लागली. मंत्रालयाने दोन नव्या डिस्क पाठवल्या आणि दोन्ही प्रणाली त्यांच्यावर हलवण्याचा आदेश दिला. संचालक शायलोबेक कादिरोविच यांनी लगेच सात जणांचा आयोग नेमला. सातांपैकी सहांनी संगणकाचं पोट कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे निःपक्षपातीपणाची खात्री होती. सातवा तिलेक, डिजिटल रूपांतर समन्वयक. त्याने ते एकदा पाहिलं होतं, धूळ झटकली जात असताना.

नवी वस्तू आली की मेंढी कापायची, हा रिवाज डिस्कला लागू होतो का, यावर चर्चा झाली नाही. मेंढी आधीच आलेली होती. आयोगाची बैठक त्यामुळे जेवणाच्या दालनात भरली आणि तिथेच कामाची पद्धतही ठरली. उकडलेल्या मेंढीची हाडं वय आणि मान पाहून वाटायची असतात. कमरेचं हाड, म्हणजे जांबाश, सर्वांत ज्येष्ठाला आणि मग तिथून खाली उतरत जायचं. चुकीचं हाड चुकीच्या माणसापुढे गेल्याने सोयरीक मोडल्याची उदाहरणं प्रत्येक घरात आहेत. इतकं तावून सुलाखून निघालेलं शास्त्र हाताशी असताना डिस्कवरच्या जागेसाठी वेगळं शास्त्र शोधणं हा वेळेचा अपव्यय झाला असता. जुन्या डिस्कवरचा प्रत्येक कप्पा कोणत्या शाखेचा ते बघायचं आणि नव्या डिस्कवर त्या शाखेच्या मानाइतकी जागा त्याला द्यायची, असं ठरलं. संचालकांना सर्वांत मोठा कप्पा मिळाला. (त्यात ठेवण्यासारखं त्यांच्याकडे एक भाषण होतं.)

सगळे मोठे वाटे लावून झाल्यावर तिलेकने कागदावरून मान वर केली.

"आणखी एक कप्पा आहे. तीनशे एमबीचा."

"कुणाचा?" संचालकांनी विचारलं.

"नाव नाही कुणाचं त्याच्यावर."

"तीनशे म्हणजे किती रे?"

"माझ्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटोसुद्धा मावायचे नाहीत," हिमकडे शाखेचे कुबात म्हणाले. डोंगरावरून बर्फ घसरून कुणावर पडतं, याची नोंद त्यांची शाखा ठेवी, पडून गेल्यावर.

"म्हणजे मेंढीचा कान झाला हा," संचालक म्हणाले. "कान पोरासोरांना देतात. आयोगात पोर आहे का कुणी?"

नव्हतं. सर्वांत लहान सदस्य तिलेक, तोही चाळिशीचा आणि संचालकांचा मेहुणा.

"मग एवढंसं ठेवू कुणापुढे? ज्याच्यापुढे ठेवीन, तो उद्यापासून माझा सलाम घ्यायचा नाही."

कुणाचाही अपमान होऊ नये म्हणून तो कप्पा कुणालाच न देण्याचं, म्हणजे जुन्या डिस्कवरच सोडून देण्याचं, एकमताने ठरलं. हा कप्पा करतो तरी काय, हे विचारावं असं आयोगात बसलेल्या बुरुलच्या मनात आलं होतं. पण तेवढ्यात तिच्या शाखेचा वाटा वाचून दाखवला गेला आणि तो हिमकडे शाखेपेक्षा थोडा जास्त निघाला. तिने कुबातांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चहाचा पेला उचलला.

प्रत्यक्ष काम वाखाणण्याजोगं झालं. वाटून दिलेल्या कप्प्यांतलं अक्षर न् अक्षर जुन्या डिस्कशी तीनदा ताडून पाहिलं. जुळणी शंभर टक्के. मग कुणाचं मन मागे ओढलं जाऊ नये म्हणून जुनी डिस्क त्याच दुपारी पुसून टाकली, नव्यांवर आयोगाची शिशाची सीलं ठोकली, टाळ्या झाल्या आणि संचालकांनी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ आली: सुरुवात करण्यासाठी जागा सापडली नाही.

"नवीन आहे," संचालक म्हणाले. "लाजतंय."

आठवडा उलटला तरी त्याची भीड चेपली नाही. तेव्हा बुरुलने संगणकाबरोबर आलेलं पुस्तक काढून वाचलं. (आयोगाने ते वाचलं नव्हतं. ते कुणाच्या शाखेत येतं हे ठरलेलं नव्हतं.) बटण दाबल्यावर संगणक सर्वांत आधी त्या तीनशे एमबींपाशी जातो आणि विचारतो, कोण कुठे आहे. तिथून कळतं की विंडोज इथे आहे, लिनक्स तिथे आहे, कुणाला उठवू? दोन्ही घरं नव्या जागी धडधाकट उभी होती. त्यांची दारं कुठे आहेत हे ठाऊक असलेला एकटाच, मेंढीचा कान ठरून मागे राहिला होता.

ती संचालकांकडे गेली.

"शायलोबेक कादिरोविच, माझ्या शाखेच्या वाट्यातले तीनशे एमबी घ्या. सील काढायची परवानगी द्या. तासाभरात तो कप्पा नव्याने बनतो. सरोवराचा आकडा द्यायचा राहिलाय."

संचालकांनी चष्मा काढला. ते दुखावले गेले होते.

"बुरुल, मी माझ्या हाताने तुझ्या ताटात वाढलं, आणि तू ते उचलून परत देतेस?"

"परत नाही देत. सगळ्यांच्या कामाला..."

"लोक काय म्हणतील? शायलोबेकने हलकं हाड दिलं म्हणून बाईने ताट सरकवलं. तुझ्या वडलांपुढे असं केलं असतंस?"

"मग तुमच्या वाट्यातून घ्या. तिथे एक भाषणच आहे."

"जांबाशचा तुकडा तोडायचा?" हे कुबात म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "मी तर म्हणालो असतो माझ्यातून घ्या. पण मग पाणी बर्फापेक्षा आणखीच मोठं दिसेल. शाखेतल्या पोरांना तोंड कसं दाखवू?"

तेव्हा कुणाच्याही ताटाला हात न लावता, त्या कप्प्यापुरती तिसरी डिस्क मंत्रालयाकडे मागावी असं ठरलं. मागणी विहित नमुन्यात करायची होती. विहित नमुना विंडोजमध्ये होता.

मधल्या काळात आयोगाचा अंतिम अहवाल हाताने लिहून झाला. उद्दिष्ट: स्थलांतर. साध्य: स्थलांतर. संगणक सुरू होणं हे उद्दिष्टात नमूद नसल्याने त्याबाबत त्रुटी आढळली नाही. सात सह्या झाल्या. बुरुलची सही सर्वांत सुवाच्य होती.

आणखी एक सोमवार आला आणि आकड्याविना गेला. बुरुलने सापारला फोन लावला.

"अके, पाणी कसंय?" थोरल्या भावाला ती अके म्हणे.

"झकास. ओढा निम्म्यावर आलाय. लेकरं दगडांवरून उड्या मारत पलीकडे जातात."

बुरुल उभी राहिली. दोन आठवडे ऊन करपवत होतं, वर बर्फ धो धो वितळत असणार, आणि खाली ओढा निम्मा. म्हणजे वितळलेलं पाणी सरोवरात येत होतं आणि बाहेर पडत नव्हतं. बर्फाखालची वाट बुजली होती. हे समजायला संगणक लागत नाही.

"अके, खाली उतरा. आजच्या आज."

"का गं? तुझा कॉम्प्युटर काय म्हणतो?"

"काहीच म्हणत नाही."

"मग झालं तर. काही असतं तर बोलला नसता का?"

"बंद पडलाय तो!"

"बंद असेना का, ओरडत तर नाही ना." पलीकडे घोडी खिंकाळली. सापारने तिला प्रेमाने शिवी दिली. "हे बघ, इथे दुभत्या घोड्या आहेत, दिवसातून चारदा धार काढावी लागते. बावीस तंबू. मी लोकांना काय सांगू, माझी बहीण घाबरली म्हणून उठा?"

"ओढा आटलाय, असं सांग. त्याचा अर्थ..."

"अगं, तूच सांगून गेलीस ना परवाच्या वर्षी! तक्ते घेऊन आली होतीस. ओढ्याकडे बघून अंदाज बांधू नका, म्हाताऱ्यांचं ऐकू नका, आकडा बघा. आमच्या काकांना सगळ्यांसमोर गप्प बसवलंस. तेव्हापासून इथे ओढ्याकडे कोण बघतंय? आकडा दे, आत्ता उतरतो."

बुरुलने खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर पॉप्लरच्या झाडांची रांग होती आणि तिच्यात कोणतीही टक्केवारी नव्हती. आयुष्यात तिने एकही आकडा मोजल्याशिवाय उच्चारला नव्हता. पाककृतीत चिमूटभर मीठ लिहिलेलं असलं तरी तिला त्रास होई. आता तिने विचार केला. सत्तर म्हटलं तर माणसाने सांगितल्यासारखं वाटेल. पंच्याहत्तर म्हटलं तर बाजारात भाव केल्यासारखं.

"बहात्तर," ती म्हणाली.

"बहात्तर?" सापारचा आवाज बदलला. "मग मघापासून ओढा ओढा काय लावलंयस? आधी सांगायचं नाही का, मूर्ख मुली!"

तोच आकडा जिल्ह्याला गेला, ट्रक आले, तंबू उतरले, घोड्या कुरकुरत उतरल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बांध फुटला. जिथे बावीस तंबू होते, तिथे आता घराएवढे धोंडे आहेत. समोरच्या उतारावर बावीस कुटुंबं रांगेत उभी राहून ते बघत होती. नुकसान: एक लोखंडी चूल आणि काही खोगिरं.

संस्थेचा आनंद गगनात मावेना. संचालकांनी स्वतः आकडेमोड केली. संगणक चालू असताना अंदाज बरोबर येण्याचं प्रमाण चौसष्ट टक्के होतं. संगणक बंद असताना ते शंभर टक्के झालं. (अंदाज एकच होता, पण त्यामुळे अपवादांची भानगड राहिली नाही.) यावरून आयोगाने निष्कर्ष काढला की स्थलांतरामुळे यंत्राचा वेग इतका वाढला आहे, की आता उत्तर मिळवण्यासाठी ते सुरू करावं लागत नाही.

बुरुलला पदक जाहीर झालं. ते घ्यायच्या आधी तिने, सर्वांसमोर, स्पष्ट शब्दांत सांगितलं, "तो आकडा मी मनाने सांगितला होता."

"किती नम्र आहे बघा," संचालक म्हणाले.

"मनाने कसा असेल?" कुबात म्हणाले. "मनाने सांगितला असता तर सत्तर म्हणाली असतीस."

बुरुलने पदक घेतलं. पुढच्या सोमवारी सापारचा फोन आला.

"पलीकडच्या खोऱ्यात तंबू टाकायचेत. किती?"

"तिथलं पाणी कसंय ते आधी सांग. रंग काय? ओढा किती?"

"बुरुल, पोरं गाडीत बसलीयेत. आकडा दे."

तिने रंग विचारून घेतला, ओढा विचारून घेतला, अंगणात जाऊन ऊन पाहिलं आणि एकतीस म्हणाली. तिसऱ्या सोमवारी मंत्रालयाने आणखी अकरा सरोवरं पाठवली. महिन्याभरात कुबातांच्या शाखेनेही टक्केवारी सुरू केली, त्यांनी रंग वगैरे विचारण्याची पद्धत ठेवली नाही. तिलेकवर गुणवत्तेची जबाबदारी आली. शून्याने किंवा पाचाने संपणारा आकडा तो परत पाठवतो. संगणक दर शुक्रवारी फडक्याने पुसला जातो, सीलं शाबूत आहेत, आणि शेजारच्या देशांची शिष्टमंडळं येऊन त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतात.

ही पद्धत पुढे कुठवर पोचली, याची संस्थेकडे नोंद नाही. वाचकांनी मात्र निर्धास्त असावं. आज सकाळी आपल्या मोबाईलवर पावसाची शक्यता त्रेसष्ट टक्के दिसली, तेव्हा आपण खिडकीबाहेर न बघता छत्री उचललीत. ती कोरडी परत आली, तरी उद्याही उचलाल. आकडा साठ असता तर आपण एकदा तरी वर आभाळाकडे पाहिलं असतं.