बाबीकाकांच्या मागची सीट

मी लिहिणाऱ्यांतला नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. त्यामुळे चाळीत कुणाला अर्ज लिहायचा असला की माझ्याकडे येतात, एवढाच माझा लेखनाचा अनुभव. समोरच्या खोलीत राहणाऱ्या जिवंत माणसाबद्दल लिहिणं अर्जापेक्षा अवघड आहे, आणि थोडं आगाऊपणाचंही. वाचकांनी माफ करावं. बाबीकाका मात्र माफ करतील असं वाटत नाही. हे हातात पडलं की ते पहिल्यांदा विचारतील, "ह्या तुका कोणी लिवक सांगल्यान?" कोणीच नाही, हे उत्तर त्यांना पटायचं नाही.

बाबीकाका गावडे रोज सकाळी दात घासायच्या आधी जिना उतरून आपल्या मोटारसायकलच्या चाकाशी उकिडवे बसतात. आदल्या संध्याकाळी त्यांनी टायरवरून खालच्या फरशीपर्यंत खडूनं सरळ रेघ ओढलेली असते. वरची रेघ खालच्या रेघेला जुळली, म्हणजे गाडी कुणी हलवली नाही. जुळली नाही, तर चाळीतल्या प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं. एकदा झाडूवालीनं फरशी धुतली आणि रेघ गेली. काका दुपारपर्यंत गॅलरीत उभे होते. "रेघ पुसली ता ठीक. पण आजच कित्याक पुसली? ह्यात कायतरी गोम आसा."

गोम हा त्यांचा लाडका शब्द. दूधवाला वेळेवर आला तरी गोम, नाही आला तरी गोम. आमचं गाव घाटावरचं, पण चाळीत निम्मी घरं कोकणातली असल्यानं त्यांची मालवणी मला ऐकून ऐकून कळते. काका आयुष्यभर गिरणीच्या कापड तपासायच्या खात्यात होते. समोरून कापड सरकत जाणार आणि ह्यांनी त्यातला तुटका धागा, तेलाचा डाग हेरायचा. गिरणी गेली, कापड गेलं, नजर मात्र राहिली. आता तीच नजर ते माणसांवरून फिरवतात, असं मला वाटतं. चूकही असेल.

ह्या गणपतीला गावाहून परत आल्यावर काकांनी मला गॅलरीत गाठलं. "कालेजा, इकडे ये. कोणाक बोलू नको." मला ते कालेजाच म्हणतात. मग त्यांनी सांगितलं, की थंडीत ते मोटारसायकलवरून निघणार आहेत. आधी कच्छ, मग राजस्थानचं वाळवंट, तिथून वर हिमाचलच्या डोंगरात, रस्ता नेईल तिथपर्यंत.

मी जरा चाचरतच म्हटलं, "काका, थंडीत वरचे घाट बर्फानं बंद असतात."

"कोणी सांगल्यान?"

"सगळेच सांगतात. नेटवर आहे."

"तू बघूक गेल्लंस?"

"नाही."

"मगे? उन्हाळ्यात हॉटेलां भरूक व्हयी म्हणान ते बर्फ सांगतत."

माझ्या फोनवरचा नकाशाही त्यांना पटेना. जो माणूस फुकट रस्ता दाखवतो, त्याचा त्यात काय फायदा, हा त्यांचा सवाल. स्वतःचा फोन त्यांनी बटणांचाच ठेवलाय. मोठ्या फोनला कान असतात म्हणे. त्यामुळे राहण्याच्या जागा ठरवायला त्यांना माझा फोन लागला आणि मी त्या बेतात ओढला गेलो.

ते फोन मी विसरणार नाही. मी नंबर लावायचा, स्पीकर चालू करायचा आणि गप्प बसायचं. जैसलमेरच्या लॉजवाल्याला काका विचारत, "गरम पानी है?" तो हो म्हणे. "पार्किंग में लाइट है?" हो. "आपके उधर से समुंदर दिखता है ना?" एक जण न थांबता म्हणाला, "हाँ हाँ साहब, सब दिखता है." काकांनी फोन माझ्या हातातून घेऊन ठेवून दिला. "बघलंस? खोटो माणूस." असे तीनचार लॉजवाले गारद झाले. शेवटी एका म्हाताऱ्यानं खोकत सांगितलं, "समंदर चाहिए तो भाईजी, घर पे ही रहो." काका खूश. खोली तिथेच ठरली. डोंगरातल्या लोकांना ते उंट मिळेल का विचारत. तिथली एक बाई इतकी हसली की तिचं हसणं थांबेपर्यंत आम्ही वाट बघत बसलो. तिच्याकडेही खोली ठरली.

गाडीचं काम परळच्या पुलाजवळच्या गॅरेजात निघालं. मेकॅनिकला सगळे चाचा म्हणतात. तो इंजिन उघडत असताना काका स्टुलावर बसून राहिले. बाहेर निघणाऱ्या प्रत्येक पार्टवर ते लाल ऑइलपेंटचा ठिपका देत होते, जुना पार्ट बदलून दुसरा बसवू नये म्हणून. चाचा वैतागला. "काका, तुम्हारा पिस्टन चुराके मैं क्या करेगा? ये तो अब भंगारवाला भी दो बार सोचके लेगा." काका मला हळूच म्हणाले, "किती गोड बोलता बघ. लक्ष ठेव."

तोवर चाळीलाच काकांचा संशय यायला लागला होता. हा माणूस लालबाग आणि गाव सोडून कधी कुठं गेला नाही. ह्याला वाळवंट कशाला? शेजारच्या नलूताईंचं म्हणणं, खोली विकायचा बेत असणार. कुणी म्हणालं, म्हातारा संन्यास घेतोय. मग काकांनी एक हेल्मेट आणलं, आणि चार दिवसांनी दुसरं, जरा लहान, मरून रंगाचं. नलूताईंनी त्याच संध्याकाळी आईला विचारलं, "मागं कोण बसणारे गं?"

खरा गोंधळ नंतर झाला. एका दुपारी काका ते मरून हेल्मेट घेऊन आमच्या दारात आले आणि आईला म्हणाले, "वैनी, जरा अंबाडो घालून ह्या डोक्यात घालून बघतास?"

आई पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं. "भावोजी, हे काय?"

"अंबाडो आत मावता काय बघूचा आसा."

"कुणाचा अंबाडा?"

काकांनी हेल्मेटचा पट्टा खेचून बघितला. मागं गॅलरीत नलूताई वाळत घातलेली एकच साडी पुन्हा पुन्हा झटकत होत्या. आईनं मला डोळ्यानं दार लोटायला सांगितलं. मग तिनं सरळच विचारलं, "सुलूवहिनींसाठी आणलंय का?"

काकांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती हलली, ते मला कळलं नाही, पण आईला कळलं. तिनं हात पुसले, केसांचा अंबाडा घातला आणि हेल्मेट डोक्यात घालून बघितलं. अर्ध्यात अडकलं. "वेणी घालायला सांगा," ती आतून म्हणाली.

सुलूकाकी म्हणजे काकांची बायको. ती गावाला असते, आणि कायम तिथंच होती. गिरणीतल्या कितीतरी घरांचं असंच झालं, म्हणतात. नवरा मुंबईत, बायको गावात, घर आणि शेत आणि सासू तिच्या अंगावर. काका गणपतीला जायचे, शिमग्याला जायचे, आणि निघताना म्हणायचे, पुढच्या वर्षी तुका मुंबईक नेतंय. मुलगी झाली, वाढली, लग्न होऊन गेली. पुढचं वर्ष काही आलं नाही. गेल्या वर्षी काकांची आई गेली, तेव्हा काकी पहिल्यांदा मोकळी झाली.

"मग वहिनी काय म्हणाल्या?" आईनं विचारलं.

"अजून इचारूक नाय."

खोल्या ठरल्या होत्या, इंजिन उघडून बसवलं होतं, हेल्मेट घेतलं होतं. जिला न्यायचं, तिलाच काही माहीत नव्हतं.

"ती नाय म्हणात," काका म्हणाले. "तिका माझ्याशिवाय ऱ्हवाची सवय झाली. गणपतीक जातंय तर चाय देता आणि इचारता, परत कधी जातलास? तेच्यात काय समजाचा?"

आई म्हणाली, "तसं तर मीही ह्याच्या बाबांना विचारते, जेवायला कधी येणार. त्याचा अर्थ जा असा नसतो."

काकांना ते पटलं नाही. त्यांनी वेगळाच मार्ग काढला, आणि तो मार्ग फक्त त्यांच्या गावच्या माणसालाच सुचला असता. तिकडे कुठलीही मोठी गोष्ट करण्याआधी ग्रामदेवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओली पाकळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. काकांनी ठरवलं, काकीला नाही, देवाला विचारायचं. भिकू गुरव हल्ली मुंबईकरांसाठी फोनवरून कौल लावून देतो. सोमवारी सकाळी माझ्या फोनवर देऊळ दिसू लागलं.

"भिकू, कॅमेरो जरा जवळ घी. आणि पंखो बंद कर."

"देवळात पंखो नाय, बाबी."

"मगे दार लोट. वाऱ्यान पडली तर?"

भिकूनं दार लोटलं नाही. त्यानं फोन टेकवून ठेवला आणि हात जोडून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, तुझो लेकरू बाबी गावडे आज तुका इचारता. तो आपल्या घराकडचीक, सुलूक, गाडयेवरून लांबच्या मुलखाक घेवन जाता म्हणता. ती तेच्यावांगडा जायत तर उजवो दी." पाकळी जवळजवळ लगेचच पडली. उजवी.

मी काकांकडे बघितलं. मला वाटलं, हसतील. ते स्क्रीनवर वाकून म्हणाले, "इतक्या बेगीन? भिकू, ती पाकळी बरोबर चिकटवलंस काय? आणि तुझी आजी सुलूच्या माहेरची मा? परत लाव."

पलीकडे कुणीतरी मोठ्यानं हसलं. भिकू म्हणाला, "देवाक एकच गोष्ट दोनदा इचारूची नसता, बाबी. देव रागावता." आणि मग, "आणि देवापेक्षा मोठो राग हयच उभो आसा." त्यानं फोन फिरवला. सभामंडपात पाचसहा माणसं होती. खांबाशी हातात फुलांची परडी घेतलेली एक उंच, सावळी बाई उभी होती. काकी सोमवारची पूजा घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं परडी खाली ठेवली आणि बाहेर गेली.

त्या दिवसापासून काकीनं काकांचा फोन उचलला नाही. भिकूकरवी निरोप आला, तो एवढाच: देवाक इचारल्यान, सगळ्या गावाक सांगल्यान, माका इचारूक काय झाला होता?

पुढचे काही दिवस काका जसे होते, तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दूध उशिरा आलं, तरी काही बोलले नाहीत. चाचानं गाडी परत आणून लावली आणि ठिपके मोजून घ्या म्हणाला, तर म्हणाले, "ऱ्हवांदे." नलूताई घाबरल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डॉक्टरला दाखवा रे ह्यांना." आई म्हणाली, जाऊन विचारा, समोर बसून. काका म्हणाले, "आणि तोंडावर नाय म्हणाली तर?"

एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि मला म्हणाले, "कालेजा, तुझ्या फोनार आवाज धाडूक येता मा? लाव." मुलीनं घेऊन दिलेला मोठा फोन काकीकडे होता. मी बटण धरून ठेवलं. मी बाहेर जाऊ का विचारलं, तर म्हणाले, "बटण कोण धरतलो?" मग ते इतकं सरळ बोलले, की मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

"सुलू, मी बाबी. माका तुझ्यावांगडा मोकळ्या रस्त्यान एकदा जावचा आसा. थंय आपणाक वळखणारा कोण नसात. देवाक इचारलंय, कित्याक, तो नाय म्हणालो असतो तर इतका लागला नसता. येशीत काय?"

मी बटण सोडलं. थोड्या वेळानं खुणा निळ्या झाल्या.

"म्हणजे ऐकल्यान?" काकांनी विचारलं.

"ऐकलं, काका."

"की कोणी दुसऱ्यान ऐकल्यान?"

काकीचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. मी कॉलेजातून आलो की काका गॅलरीत उभे असायचे आणि काही न विचारता माझ्या हातातल्या फोनकडे बघायचे. मी मान हलवायचो. जैसलमेरच्या म्हाताऱ्याचा फोन आला, खोली ठेवू का सोडू. मी माझ्याच मनानं ठेवा म्हणालो. ते बरोबर होतं का, मला अजून माहीत नाही.

काल दुपारी, मी जेवत असताना, भिकू गुरवाचा फोन आला. बाबी जवळ आसा काय, त्यानं विचारलं. मी उष्ट्या हातानंच समोर धावलो आणि फोन काकांच्या कानाशी धरला, मग स्पीकर लावला. भिकू लगेच बोलायला लागला.

"बाबी, घराकडचीन तुका काय कळवल्यान?"

"नाय."

"ती कळवची नाय. माझी लेक कणकवलीक टेलराकडे कामाक आसा, तिणा सांगल्यान. सुलू काल बाजाराक गेल्ली, ती थंयसून टेलराकडे गेली. पंजाबी ड्रेसाचा माप देवन इली. आयुष्यात पयल्यांदा. आतसून जाड फडक्याचा अस्तर लाव म्हणान सांगल्यान, थंय थंडी खूप आसा म्हणता. आणि थंडीतल्या जत्रेच्या आदी शिवन व्हयो, असो दम देवन इली."