चुन्याच्या रेघेपलीकडचे चन्नप्पा

"ओडु! अगं ओडु की यव्वा! माझ्याकडं काय बगायलीस, ओडु!"

मैदानाच्या चुन्याच्या रेघेपलीकडे, कडुलिंबाखाली उभे राहून चन्नप्पा ओरडत होते. ओडु म्हणजे कानडीत पळ. दुसऱ्या बेसवर एक काटकुळी पोरगी घाबरून उभी होती. पळावं की थांबावं ते तिला कळेना आणि रडू तर ओठापर्यंत आलेलं. चन्नप्पांची हाक कानावर पडली आणि ती जी सुटली, ती तिसरा बेस तुडवून थेट होमवर येऊन आदळली. धाव झाली. चन्नप्पांनी डोक्यावरची टोपी हवेत उडवली.

आमच्या बाजूला मात्र चिडीचूप. कारण ती पोरगी आमची नव्हतीच. समोरच्या संघाची होती, अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलणारी. चन्नप्पांनी शत्रूची धाव स्वतः ओरडून पुरी करून घेतली होती.

"अहो चन्नप्पा, ती त्यांची!" मी किंचाळलो.

"असंना," ते म्हणाले. "पोरगी रडवेली झालती की."

तो उपांत्य सामना आम्ही कसाबसा एका धावेनं जिंकलो म्हणून मी आज सोलापुरात तोंड दाखवू शकतो.

मुळात मी चित्रकलेचा शिक्षक. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत सॉफ्टबॉल हा खेळ सोलापूरला नवाकोरा होता. चार कोपऱ्यांना चार बेस, मुसळासारख्या बॅटनं चेंडू हाणायचा आणि चारी कोपरे शिवून घरी, म्हणजे होमवर, यायचं. एवढंच लोकांना ठाऊक. शाळेनं मुलींचा संघ काढायचं ठरवलं तेव्हा मैदानावर तो तिरपा चौकोन चुन्यानं सरळ कोण आखेल असा प्रश्न आला. मी आखला. ज्यानं आखला त्यानंच शिकवावं, असा मुख्याध्यापकांनी निकाल दिला. संघ आला, पोरी आल्या आणि पोरींच्या मागून आईबाप आले. त्यांत चन्नप्पा.

चन्नप्पांचा आवाज म्हणजे शहराचा जादा भोंगा. एकदा म्हणे एका गिरणीचा भोंगा बिघडला होता, आणि चन्नप्पा मैदानावर "धर! धर!" ओरडत होते, तर पाळी सुटली समजून अख्खं खातं घरी गेलं. मी पदरचं काही सांगत नाही. हे मला त्या खात्यातल्याच माणसानं सांगितलं, आणि सांगताना तो कामाच्या वेळेत घरी बसलेला होता.

या आवाजाचं मूळ त्यांच्या दुकानात होतं. तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान, तेही भांडी ठोकणाऱ्यांच्या गल्लीत. दिवसभर तांब्यावर हातोडे पडत. त्या गल्लीत कुजबुजायचं तरी ओरडूनच कुजबुजावं लागे. तिथली माणसं गुपितंसुद्धा बोंबलून सांगत आणि ती गुपितंच राहत, कारण ऐकू कुणालाच येत नसे.

दुसरी खोड टिचकीची. घागर हातात आली की बोटाच्या पेरानं टक् करून वाजवायची. ठण्ण आवाज आला तर "जित्ती हाय." बद्द आला तर "कुटंतरी चीर हाय." हे भांड्यांपुरतं राहिलं असतं तर कुणाचीच तक्रार नव्हती. पण चन्नप्पा कलिंगड वाजवत, दार वाजवत, नवी बॅट वाजवत. मुख्याध्यापकांच्या टेबलावर टिचकी मारून "वाळवी हाय" म्हणाले. टेबलाला वाळवी नव्हती, पण त्या दिवसापासून साहेबांनी त्यावर कोपर टेकवलं नाही. नुकत्याच आलेल्या स्टीलच्या भांड्यांवर तर त्यांचा दात होता. "त्याला आवाज हाय का? वाजवून बगा की!"

त्यांची मुलगी नीला आमची कॅचर. कॅचर म्हणजे बॅटवालीच्या मागं बसून चेंडू अडवणारी. छातीला बांधायचं कवच शाळेला परवडेना, तर चन्नप्पांनी एक पितळी ताट कातडी पट्टे लावून तिच्या गळ्यात घातलं. चेंडू ताटावर बसला की असा नाद उठे, की रस्त्यानं जाणारे म्हातारे आरतीची वेळ झाली म्हणून थांबून हात जोडायचे. पंचांनी हरकत घेतली, पण नियमांच्या पुस्तकात ताटाबद्दल काहीच नव्हतं.

आता संघ. पोरी एकेक हिऱ्यासारख्या, पण हार गुंफला जाईना. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, रेणुका. विणकर वस्तीतली, घरी तेलुगू. पहिल्या बेसवर शहनाज, टांगेवाल्याची मुलगी. रेणुकाची आई सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत सामना बघायची, आणि शहनाजची अम्मी टांग्यात बसून. पिचर कुणी व्हायचं यावरून दोघींचं वाजलं.

"तेरी बेटी का बॉल हौर बिडी का धुआँ एकच," टांग्यातून आवाज आला. "किदर जाता, मालूमच नै पडता!"

"तुमचं घोडं जसं तशी तुमची पोरगी!" सुपाकडून उत्तर गेलं. "चाबूक दाखवल्याबिगर हलत न्हाय!"

झालं. आयांचं भांडण, आणि लेकींनी एकमेकींशी कट्टी धरली. आता कट्टीचे नियम तुम्हाला ठाऊक आहेत. बोलायचं नाही, बघायचं नाही आणि हातानं काही द्यायचं तर मुळीच नाही. पुढच्या सामन्यात चेंडू रेणुकाकडे घरंगळत आला. शहनाज पहिल्या बेसवर हात पसरून उभी. फेकला की पळणारी बाद. रेणुकानं चेंडू उचलला, शहनाजकडे पाहिलं आणि मागं वळून तो नीलाला दिला. नीलानं शहनाजला दिला. तोवर पळणारी बेसवर पोचून वेणी सावरत होती.

"अगं, सरळ तिला का नाही दिलास?" मी विचारलं.

"सर, कट्टी आहे," रेणुका म्हणाली. मला एवढंही कसं कळत नाही, असा तिचा चेहरा होता.

सामनाभर असंच चाललं. चेंडू पोस्टातल्या पत्रासारखा नीलामार्फत फिरत राहिला आणि आम्ही सडकून हरलो. चन्नप्पा माझ्याजवळ आले आणि हवेत टिचकी मारल्यासारखं करून म्हणाले, "बद्द वाजायलंय सर. चीर पोरींत न्हाय. वर हाय, आयांत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघी आयांना वेगवेगळा निरोप धाडला: संघाला बक्षीस म्हणून तांब्याचं घंगाळ देतोय, आपण येऊन शाळेत पोचवावं. दोघी दुकानात समोरासमोर आल्या. घंगाळ एवढं थोरलं की त्यात हत्तीचं पिल्लू न्हाऊन निघावं. आणि त्याला दोन कड्या, एक इकडं, एक तिकडं. एकटीला उचलणं शक्य नाही.

"टांगा आणते," शहनाजची अम्मी म्हणाली.

"टांग्यात मावत न्हाय," चन्नप्पा म्हणाले. "मोजून बगितलंय."

भर बाजारातून दोघी ते घंगाळ घेऊन निघाल्या. निम्म्या वाटेत एकमेकींशी भांडल्या. मग हात भरून आले, एका ओट्यावर घंगाळ टेकवलं आणि उरलेली निम्मी वाट दोघींनी मिळून चन्नप्पांना शिव्या घातल्या. तेलुगूतून एक, दखनीतून एक, अशा पाळीपाळीनं. शाळेच्या फाटकात शिरल्या तेव्हा हसून हसून त्यांच्यानं चालवत नव्हतं. संध्याकाळी मैदानावर रेणुकानं शहनाजला असा चेंडू फेकला, की तो झेलताना शहनाजचं बोट सुजलं. सुजलेल्या बोटाला दोघींनी मिळून हळद लावली.

घंगाळ मात्र चन्नप्पांनी दुसऱ्याच दिवशी परत नेलं. "नमुन्याचं हाय," म्हणाले.

तर असा हा माणूस. त्यांनीच संघ सांधला आणि त्यांनीच तो अंतिम सामन्याच्या तोंडावर मोडायला आणला. कारण ती उपांत्य सामन्यातली ओडु ओडु.

नीला बापाच्या अगदी उलट. वर्षभरात तिच्या तोंडून मी जेवढं ऐकलं ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी ती चित्रकलेच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, अप्पा फायनलला आले तर मी खेळणार न्हाय."

"अगं, पण..."

"सगळी शाळा हसतीय. समोरच्यांच्या पोरीला पळवलं त्यांनी." आणि निघून गेली. पोस्टकार्ड भरलं.

दुसरी कॅचर आमच्याकडे नव्हती. खरं सांगायचं तर त्या ताटाच्या मापाची पोरगीच दुसरी नव्हती. मी चन्नप्पांच्या दुकानात गेलो. गोष्ट नाजूक, हळू आवाजात सांगायची. पण हातोड्यांच्या त्या कल्लोळात हळू कसं बोलणार? मी आडून आडून सुरुवात केली, त्यांनी कानामागं हात धरला. पुन्हा सांगितलं, ते म्हणाले, "जरा मोट्यानं!" शेवटी मी छाती भरून घेतली आणि ओरडलो, "नीला म्हणते, तुम्ही मैदानावर येऊ नका!"

नेमका त्याच क्षणी गल्लीत चहा आला आणि सगळे हातोडे थांबले.

अख्ख्या गल्लीनं ऐकलं. समोरच्या ओट्यावरच्या कारागिरानं बशी तोंडाला लावता लावता खाली ठेवली. चन्नप्पा हातातल्या तांब्याकडे बघत राहिले.

"बरं," ते म्हणाले.

मी जायला वळलो. मागून आवाज आला, पण तो त्यांचा वाटेना. इतका बारीक आवाज त्या देहात आहे हे मला माहीतच नव्हतं.

"सर, मग तिच्याशी बोलायचं कवा?"

"म्हणजे? घरी बोलत नाही?"

"घरात ती 'वाढू का' म्हनती, मी 'बास' म्हनतो. झालं. तिची आई होती तवा दोगांचं बोलनं तीच करायची. माजं तिला सांगायची, तिचं मला. ती गेल्यावर..." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "पोरीशी काय बोलावं मला सुचत न्हाय बगा. मैदानावर सोपं हाय. नाव घेऊन वरडायचं. काय वरडायचं ते बी ठरल्यालं. पळ, थांब, धर."

एवढ्यात गल्लीतला चहा संपला. हातोडे सुरू झाले.

अंतिम सामना बार्शीच्या मुलींशी. चन्नप्पा शब्द पाळतील यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी कडुलिंबाच्या फांद्यांत बघितलं, भिंतीपलीकडे बघितलं, टांग्याखाली वाकून बघितलं. घोड्याकडेसुद्धा जरा संशयानं पाहिलं. चन्नप्पा नव्हते. त्यांच्या जागी झाडाखाली एक शेंगदाणेवाला बसला होता आणि तो शेंगासुद्धा ओरडून विकत नव्हता.

मैदान असं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. पोरी छान खेळल्या. रेणुका आणि शहनाज तर एका आईच्या लेकी असल्यासारख्या. पण प्रत्येक चेंडूनंतर नीला मान वळवून त्या झाडाकडे बघायची, आणि बघितल्यावर स्वतःवरच चिडल्यासारखी पुढं वळायची. एका धावेनं आम्ही हरलो. पोरी रडल्या. दोघी आयांनी खांद्याला खांदा लावून पंचांना घेरलं. त्यांची सुटका करायला मला मधे पडावं लागलं, आणि माझी सुटका करायला घोड्याला.

नीला रडली नाही. तिनं ताट सोडलं, बगलेत मारलं आणि चालू लागली. मीही मागोमाग निघालो. म्हटलं, हरल्याची बातमी चन्नप्पांना आपणच नीट सांगावी. ही काही बोलायची नाही.

गल्लीत हातोडे जोरात होते. चन्नप्पा गादीवर बसून एक पातेलं फडक्यानं पुसत होते. ते आधीच आरशासारखं होतं. नीला दुकानासमोर रस्त्यात उभी राहिली. त्यांनी वर बघितलं. ती काहीतरी म्हणाली, पण ऐकू आलं नाही. त्यांनी कानामागं हात धरला.

"हरलो, अप्पा!" नीला ओरडली.

मी दचकलो. भोंगाच वाजला होता. आवाजाचा वारसा असा इतकी वर्षं कुलूपबंद होता तर.

"एका रननं! पर शेवटी काय झालं म्हाईतेय का? ती त्यांची लांबडी पोरगी हाय न्हवं, ती तिसऱ्यावरनं सुटली! रेणुकानं उचलला, शहनाजला दिला, शहनाजनं मला! मी आडवी पडले अप्पा, हे कोपर बगा, सोललं! ती अंगावर आली तरी चेंडू सोडला न्हाय! औट!"

"मग?" चन्नप्पा ओरडले.

"मग त्याच्या पुडचा चेंडू..." आणि ती सांगत सुटली. हातवारे करून, रस्त्यातच खाली बसून, उठून, ताट छातीशी धरून. पहिल्या डावापासून पुन्हा. मधेच "तुमी असता तर वरडला असता, डावीकडं बग म्हनून! मी बगितलंच न्हाय!" असंही म्हणाली. चन्नप्पांच्या हातातलं फडकं कधीच गळून पडलं होतं. ते गादीच्या कडेला सरकून, मान पुढं काढून बसले होते.

तेवढ्यात मंगळवेढ्याकडचं एक जोडपं दुकानात शिरलं. लग्नाची खरेदी असावी. बाईच्या हातात यादी आणि पिशव्या लोंबत होत्या. नवऱ्यानं ओळीनं मांडलेल्या घागरींतली सगळ्यांत मोठी उचलली आणि विचारलं, "मालक, ही केवड्याला दिली?"

चन्नप्पांनी मान वळवली नाही.

"दुकान बंद हाय," ते म्हणाले.