सोमरान सरकारचं निवतं

रविवारी सकाळी ललित अंघोळीला गेला, आणि तेवढ्या वेळात त्याच्या आईनं सहा देशांना सहकुटुंब जेवायला बोलावून टाकलं.

सुंदराबाईंचा हेतू वाईट नव्हता. टेबलावरचा मोबाइल सारखा टुणटुणत होता, आणि आपल्या घरात एखादी वस्तू आपल्याला न विचारता आवाज करते, हे त्यांना खपत नसे. शाळेत त्या तिसरीपर्यंत गेल्या होत्या. पण विहाराच्या महिला मंडळाच्या अकरा वर्षं अध्यक्ष होत्या, आणि मोबाइलवरचं माइकचं चित्र दाबून बोललं की अक्षरं आपोआप उमटतात, एवढं विज्ञान त्यांना पुरे होतं.

ललित टॉवेल गुंडाळून बाहेर आला, मोबाइल बघितला आणि मटकन खुर्चीत बसला.

"आई, हे काय केलं तू?"

"निवतं देल्लं. तू काय लिहिलं होतं? 'प्रतिनिधींनी उपस्थित राहावे.' हे निवतं आहे का कोर्टाचा समन्स? असं बोलावल्यावर कुत्रंबी येत नाही कोणाच्या घरी."

एक्केचाळीस वर्षांचा ललित अमरावतीच्या तहसील कार्यालयात कारकून होता. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारायचा, आणि संध्याकाळी घरी आला की सोमरान देशाचा राष्ट्रप्रमुख व्हायचा. मोबाइलवर सात जणांचा एक गट होता. प्रत्येकानं आपापला काल्पनिक देश काढला होता: नकाशा, झेंडा, फौज, नदी, सगळं. खरं नाव कोणी कोणाला सांगायचं नाही. आणि एक नियम दगडावरची रेघ: गटावर जे लिहिलं ते घडलं. पुसायचं नाही.

तीन महिने खपून ललितनं आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची बेचाळीस पानांची घटना लिहिली होती. आज संध्याकाळी पाचपर्यंत सातही देशांच्या सह्या झाल्या तर महासंघ जन्माला येणार होता, आणि ललित त्याचा पहिला अध्यक्ष. एक जरी सही राहिली तरी ठराव बाद. त्याला आयुष्यात एकदा तरी कशाचा तरी अध्यक्ष व्हायचं होतं. घरात ते पद रिकामं नव्हतं.

आणि आता घटनेच्या खाली, सोमरान सरकारच्या नावानं, लिहिलेलं होतं: "समद्या देशाईले आग्रहाचं निवतं. लेकरंबाळं घेऊन या. रोडगे आन वांग्याची भाजी आहे. जेवल्याशिवाय कोणाची सही घेणार नाही."

"वाचून दाखव व आरती, कोण येऊन राह्यलं," सुंदराबाईंनी सुनेला हाक मारली.

आरती हात पुसत आली आणि वाचू लागली. हिमप्रस्थाचे पंतप्रधान, त्यांच्या चार मावश्या आणि नऊशे बर्फगाड्या निघाल्या होत्या. तिखटपूर बेटांची लोकसंख्या तीन हजार. मागे कोणी कशाला राहायचं म्हणून देशाला कुलूप लावून सगळेच बोटीत बसले होते. तिसऱ्या देशानं हत्ती आणत असल्याचं कळवलं होतं, आणि हत्तींना वांगं चालत नाही असंही.

"आई, सोमरानमध्ये नऊ स्टेडियमं हायत," ललित रडवेला झाला. "पण चूल एकबी नाही!"

"देश बांधला आन चूल नाही? तुले नकाशा काढाले कोणी शिकवलं रे?"

सुंदराबाईंनी माइक दाबला, आणि दहा मिनिटांत नदीकाठी चारशे चुली पेटल्या. पंगत कुठं बसवायची हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी ललितला टेनिसचं मैदान कसं असतं ते विचारून घेतलं. "सपाट आहे, झाडलेलं आहे, रेघाबी मारलेल्या हायत. मंग अजून काय पायजे? जाळीच्या इकडून एक पंगत, तिकडून एक."

"ते मध्यवर्ती कोर्ट आहे आई! उद्घाटन व्हायचं आहे त्याचं!"

"जेवणानं होते ना उद्घाटन. खेळानं कोणाचं पोट भरलं?"

दुपारपर्यंत गटावर असा धुरळा उडाला की ललितला काही सुचेना. हिमप्रस्थ आणि तिखटपूर यांचं एका खडकावरून तीन वर्षं युद्ध चालू होतं. सुंदराबाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि फर्मान काढलं की यांनी त्यांना वाढायचं आणि त्यांनी यांना. तिखटपूरच्या सेनापतीनं हिमप्रस्थाच्या थोरल्या मावशीला तिसरा रोडगा आग्रहानं वाढल्याची बातमी आली, आणि पाठोपाठ युद्धबंदीची.

मग घटना वाचायला घेतली. गुणांच्या कलमाशी सुंदराबाईंनी हात वर केला.

"थांब. पंधरा, तीस, आन मंग चाळीस? पंचेचाळीस काहून नाही? मधले पाच कोणी खाल्ले?"

"जगभर असंच असते, आई."

"जगाले कोणी विचारलं नसीन. मंडळात असं कोणी केलं असतं तर म्या उभं केलं असतं त्याले."

दुरुस्ती गटावर गेली, आणि कोणालाच चाळीसचं समर्थन करता येईना म्हणून मंजूरही झाली. एकेक सही पडू लागली. चार वाजता सोमरान धरून सहा सह्या झाल्या होत्या. राहिला होता एकच देश, कृष्णमृत्तिका. दोन वर्षांत या देशानं शुद्ध सरकारी मराठीशिवाय एक अक्षर लिहिलं नव्हतं. आज मात्र त्या देशाला एकाएकी वऱ्हाडी आलं होतं.

आरतीनं वाचलं: "आमी येणार नाही. आलो तर पयल्या पंगतीत बसू. आन आहेर नवा पायजे. कोणी देल्लेला, घडी न मोडता पेटीत ठेवलेला, आन मंग पुढं सरकवलेला आहेर आमाले दुरून वयखू येते."

सुंदराबाई एकदम गप्प झाल्या. या घरात त्या गप्प होणं म्हणजे वीज जाण्यासारखं होतं. ललित आणि आरती दोघांनीही मान वर केली.

"ललित, या काळ्या मातीच्या देशात काय पिकते?"

"कापूस, तूर. त्याईच्या देशात मोठं कृषी विद्यापीठ आहे."

"आन आपले जावाईबापू कुठी नोकरीले हायत?"

"अकोल्याले, कृषी विद्या..." ललितचा आ तसाच राहिला. "धर्मेंद्रभाऊ? म्या घरभरणीच्या दिवशी त्याईले हा खेळ दाखवला होता. ते तर हसले होते!"

"हसले, आन घरी जाऊन देश काढला. पण हे बोलणं जावायाचं नाही. त्या माणसाच्या तोंडून तर 'मीठ द्या' निघत नाही. हे लीलाबाईचं आहे."

लीलाबाई म्हणजे अकोल्याच्या विहीणबाई. दोन वर्षांपूर्वी याच घराच्या घरभरणीला, वंदना झाल्यावर, त्यांना दुसऱ्या पंगतीत बसावं लागलं होतं. वर आहेरात जे लुगडं मिळालं ते त्यांनीच बारा वर्षांपूर्वी, ललितच्या बहिणीच्या, भावनाच्या लग्नात, सुंदराबाईंना दिलेलं होतं. लीलाबाई भरल्या ताटावरून उठल्या. सुंदराबाईंनी "सारख्या काठाचे हजार लुगडे असतात" असं ठणकावून सांगितलं. तेव्हापासून भावना माहेरी आली नव्हती. दोन जयंत्या गेल्या, दोन उन्हाळे गेले. फोनवर ती "बरी आहे, तू बरी आहे ना" एवढंच बोलायची, कारण शेजारी सासू बसलेली असायची.

"आई, माफी माग," ललित घड्याळाकडे बघत म्हणाला. "एक ओळ. चाळीस मिनिटं राह्यली."

"मी? त्या बाईची? जीव गेला तरी नाही."

आरतीनं शांतपणे मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "तुमी कुठी मागून राह्यल्या, आई? सोमरान मागून राह्यलं."

सुंदराबाईंनी सुनेकडे नीट बघितलं. ही पोरगी दहा वर्षं या घरात होती आणि तिला डोकं आहे हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला आणि माइक दाबला.

"सोमरानच्या मागच्या सरकारच्या हातून चूक झाली."

"मागचं सरकार?" ललित उठून उभा राहिला. "पयल्या दिवसापासून मीच..."

"तुहं सरकार पडलं. बस खाली." त्या पुन्हा माइककडे वळल्या. "आहेर फिरवलेला होता. मागच्या सरकारच्या नाकापायी कबूल झालं नाही. नव्या सरकारनं पयल्या पंगतीचं पयलं ताट मांडून ठेवलं आहे. अन्न निवून राह्यलं."

पलीकडून अक्षरं उमटली: "मागच्या सरकारचं नाक आमी बारा वर्षं पाह्यलं. नव्या सरकारचं नाक कोणत्या घरातून आलं?"

"त्याच घरातून," सुंदराबाईंनी कळवलं. "वयानं थोडं खाली आलं."

"हे तर टेनिसच चाललं," आरती पुटपुटली. "चेंडू इकडं, चेंडू तिकडं."

"बारा वर्षं चालू आहे," सुंदराबाई म्हणाल्या. "जाळी तेवढी दिसत नव्हती."

पाचला दहा कमी असताना कृष्णमृत्तिकेची अट आली. सही करू, पण अध्यक्षपद आमचं.

"नाही!" ललित ओरडला. "बेचाळीस पानं लिहिली म्या! तीन महिने! आई, तुले हात जोडतो..."

"देल्लं," सुंदराबाईंनी माइकला सांगितलं. "आमचीबी एक अट. तुमचा राजदूत आमच्या घरी राह्याले पायजे. पंधरा दिवस. नुसता कागदावरचा नाही, चालताबोलता."

ललितनं आपलं रडणं थांबवलं.

"आठ दिवस," उत्तर आलं.

"दहा."

"आठच. आन पोचवाले नव्या सरकारनं सोता अकोल्याले याचं. दाराशी."

सुंदराबाईंनी ओठ आवळले. पाचला दोन मिनिटं कमी होती. लीलाबाईंच्या दाराशी उभं राहायचं, म्हणजे "या" म्हणेपर्यंत उभं राहायचं. मोबाइलचं बटण त्यांनी असं दाबलं, की पडदा फुटतो की काय असं आरतीला वाटलं.

"मंजूर."

पाचला एक मिनिट कमी असताना सातवी सही पडली. महासंघ जन्माला आला. नव्या अध्यक्षांनी पहिल्याच आदेशात माजी राष्ट्रप्रमुखांची नेमणूक मैदानावरच्या उष्ट्या पत्रावळी उचलण्यासाठी केली, आणि गटावर जे लिहिलं ते घडलंच असल्यामुळे ललितनं हजारो पत्रावळी उचलल्या.

सोमवारी सकाळी दाराशी ऑटो थांबला. भावना उतरली, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात तुरीच्या डाळीची पिशवी. सुंदराबाई दारातच उभ्या होत्या. दोन वर्षं जे बोलायचं साठवून ठेवलं होतं त्यातलं एकही वाक्य त्यांना आठवेना. भावनालाही आठवत नसावं, कारण तिनं भलताच प्रश्न विचारला.

"आई, तू सासूबाईची माफी मागतली म्हणे?"

"मी? कोण म्हणते? सरकारनं मागतली."

"आन सरकार कोण आहे?"

सुंदराबाईंनी तिच्या हातातली बॅग ओढून घेतली आणि पदरानं आपलेच डोळे जरा जोरात पुसले.

"राजदूतानं दारात उभं राहून सरकारले सवाल नसते करत, पोट्टे. चाल आत, हातपाय धू."